शेवटचा माणूस उठेपर्यंत

"ताई, स्वयंपाकघर राहू द्या, कोड बघा," असं मी हेमलताताईंना चारचौघांत म्हणालो होतो. ते आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

आमची जळगावची कंपनी लहान. केळी पिकवायच्या बंद खोल्यांना, म्हणजे चेंबरना लागणारे कंट्रोलर आम्ही बनवतो. त्यांच्या कर्नलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गाभ्यात, बसणारा ड्रायव्हर मी लिहिलेला. प्रत्येक चेंबरच्या आत एक लाल बटन असतं. दार अडकलं तर आतल्या माणसानं ते दाबायचं, म्हणजे एका यादीत नोंद चढते आणि भोंगा वाजतो. पुन्हा दाबलं की नोंद निघते. यादी एकच. भोंगा वाजवणारा प्रोग्रॅम ती सतत वाचतो आणि बटनाचा प्रोग्रॅम त्याच वेळी ती बदलतो. नोंद काढली की मी तिची मेमरी त्याच क्षणी सोडून देत होतो, म्हणजे ती जागा दुसऱ्या कामाला मोकळी.

ताई धुळ्याच्या, अनुभवानं मोठ्या. कोड तपासून म्हणाल्या, "लीलाधर, नोंद यादीतून काढ, हरकत नाही. पण जो अजून ती वाचतोय त्याचं होऊ दे, मग मेमरी सोड. पंगतीत शेवटचा माणूस उठेपर्यंत पत्रावळ्या उचलतो का आपण?" त्यावर माझं ते वाक्य. ताई नात्यातल्या एका लग्नासाठी दोन दिवस रजेवर गेल्या आणि मी कोड तसाच पाठवून दिला. चाचणीत एकदाही बिघडला नव्हता ना! शहाणपण नुसतं उतू चाललं होतं माझं.

मग शहराबाहेरच्या एका केळी पिकवण्याच्या केंद्रात तिथले मजूर चिंधाभाऊ चेंबरमध्ये अडकले. बाहेरून कडी बसलेली, आत जीव गुदमरलेला. त्यांनी घाबरून बटन दाबलं, लगेच पुन्हा दाबलं. भोंगा जी नोंद वाचत होता तिचीच मेमरी माझ्या कोडनं सोडून दिली आणि अख्खा कंट्रोलर गोठला. भोंगा वाजलाच नाही. क्रेट भरणाऱ्या बेबाबाईंना दारावरचे धक्के ऐकू आले, म्हणून चाळीस मिनिटांनी माणूस जिवंत बाहेर निघाला.

मी तासाभरात पोचलो. कंट्रोलर कुठे गोठला ते सांगणारा लॉग उघडला, तर पाचव्या ओळीत माझंच फंक्शन. मागे केंद्राचे मालक तोताराम आबा उभे. मी म्हणालो, "आबा, बटन दोनदा दाबलं गेलंय." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकं नीच होतं.

आबांनी चिंधाभाऊंना शनिवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं. मजूर त्यांना बटन्या म्हणायला लागले.

चौथ्या दिवशी मी दुरुस्त कोड घालायला गेलो. ताईंनी सांगितला होता तसाच, थांबणारा. चिंधाभाऊ हात जोडून पुढे आले. "भाऊ, मन्हाच हात चुकना. घाईमा दोनदाव बटन दाबाई गयं. आबाले सांगा ना, आते अशी चूक व्हवाव नही."

माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस माझ्या चुकीची माफी माझ्याकडेच मागत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांना चेंबरच्या मागे नेलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. बटन कितीदाही दाबलं तरी कंट्रोलर बंद पडायला नको होता, चूक माझी. सांगून टाकल्यावर मला चक्क हलकं वाटलं.

त्यांनी विचारलं, "म्हंजे मी काही करं नही?"

"नाही, भाऊ."

"मंग हाई तठे बठ्ठास्ना समोर सांगशात का?"

तिकडे शेडखाली सगळे जेवायला बसले होते, आबासुद्धा. जाताना मनात आलं, त्यांचं जेवण तर होऊ दे. ताईंचा थांबायचा सल्ला मला नेमका आत्ता पटत होता! मी उभ्यानंच सगळं सांगितलं, पहिल्या ओळीपासून, मान खाली घालून.

 आबा म्हणाले, "चिंधा, शनिवारी ये रे. तुझी जागा तुझीच."

बेबाबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. "तुले हाई कवय समजनं?"

"त्याच दिवशी, अक्का."

"मंग चार दिन आम्हले त्याले बटन्या म्हनू दिधं तू?"

मी हो म्हणालो. बेबाबाई अर्धं ताट तसंच टाकून सगळ्यांच्या आधी उठल्या.