तिसऱ्या दिवसाचा कप्पा

कात्री लॉजच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी.

मेण लावलेला दोरा, दुहेरी.

बंदराचं गेट पाचला बंद.

"रस्ता खोदलाय. बस पुढे जाणार नाही, उतरून घ्या," कंडक्टर म्हणाला.

मीटर.

शिंपी मांडीवर कोट घेऊन टॅक्सीत बसला होता आणि मीटरचा आकडा जणू डोळ्यांनी मागे ढकलत होता. शेजारी बायको. तिचा धाकटा भाऊ मालवाहू बोटीवर खलाशी. त्याने घर सोडल्यापासून पहिल्यांदाच त्याची बोट या शहराच्या बंदराला लागली होती आणि आज रात्रीच निघणार होती. पाचच्या आत गेटवर त्याला भेटायचं, एवढ्यासाठी हा तीन दिवसांचा प्रवास.

मागच्या खेपेला मोठ्या शहरात शिंप्याचा हात सैल सुटला होता. दोघं उपाशीपोटी घरी परतले आणि बायकोने ती हकिगत झाडून सगळ्या नातेवाइकांना ऐकवली. म्हणून या वेळी त्याने कोटाच्या अस्तराला आतून तीन कप्पे शिवले. ज्या त्या दिवसाचा खर्च त्या त्या कप्प्यात, तोंडं शिवून बंद. रोज सकाळी एक उसवायचा. आज दुसरा उसवला आणि कात्री तिथेच राहिली.

मीटरने दुसरा कप्पा खाऊन टाकला.

"थांबवा," शिंपी म्हणाला. "चालत जाऊ."

"चालत? इथून गेट दिसतंय का तुम्हाला?"

"अगं, तिसऱ्यात परतीच्या तिकिटांचे पैसे आहेत."

"तिथे भाऊ वाट बघतोय माझा, आणि तुम्ही मीटर बघून घाम पुसताय."

ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. "काका, पैसे नसतील तर आत्ताच सांगा."

"आहेत हो. शिवलेले आहेत."

"शिवलेले?"

"यांचं सगळंच शिवलेलं," बायको म्हणाली. "तोंड तेवढं नको तिथे उसवतं."

तिने कोट ओढून घेतला. टाक्याला नखं लावली, मग दात लावले. टाका ढिम्म हलेना.

"असली शिवण माझ्या सीटला मिळाली असती तर," ड्रायव्हर म्हणाला.

गेट आलं. पहारेकरी एक दार ओढून घेत होता.

"तू पळ," शिंपी म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"मी इथे गहाण. पळ म्हणतो ना."

ती चपला हातात घेऊन धावली. शिंप्याने कोट गुडघ्यांत दाबला, अस्तर मुठीत धरलं. शिवलेलं त्याने जन्मभर उसवलं होतं, फाडलं कधीच नव्हतं. हात मागे आला. पुन्हा मागे आला. "काका," ड्रायव्हर म्हणाला, आणि अस्तर चर्रकन थेट बगलेपर्यंत फाटलं. टाका मात्र जागच्या जागी.

भाडं देऊन उरलेल्यात एकच तिकीट बसत होतं.

"मग उद्या कसं?" ड्रायव्हरचा आवाज उतरला होता.

"उद्याचं उद्या बघू," शिंपी म्हणाला, आणि हे आपल्याच तोंडून निघालं का, म्हणून त्याने आरशात पाहिलं.

काचेपलीकडे, अर्ध्या उघड्या गेटात, बायको एका उंच माणसाच्या छातीवर मुठी मारत होती. तो मारू देत होता.

बोटीवर पहिल्यांदा जाताना मेहुणा शिंप्याच्या दुकानात एक कापड ठेवून गेला होता. कोटाचं अस्तर त्याच कापडाचं होतं.