कडेचे ठिपके

जावयानं सासूला कामावर ठेवायचं, आणि तेही ती त्या कामात सगळ्यात वाईट आहे म्हणून, हे ऐकून कुणालाही चेष्टा वाटेल. पण आपल्या सुतारानं ते केलं होतं आणि दीड महिना ते झकास चाललंही होतं.

सुतार मूळचा फर्निचरवाला. खुर्च्या-टेबलं करता करता तीन वर्षांपूर्वी त्याला पिकलबॉलचं वेड लागलं. बॅडमिंटनएवढं मैदान, टेनिसपेक्षा बुटकी जाळी, भोकंभोकं असलेला प्लॅस्टिकचा चेंडू आणि हातात टेबल-टेनिसच्या बॅटचं थोरलं भावंड शोभेल असं पॅडल. खेळायला तो बेताचाच. पण पहिल्याच दिवशी त्यानं पॅडल उलटंसुलटं करून पाहिलं, कडेवर टिचकी मारली आणि ‘हे याहून चांगलं करता येईल’ असं जे त्याच्या डोक्यात शिरलं ते शिरलंच. घरामागच्या गॅरेजमधून गाडी बाहेर निघाली ती पुन्हा आत गेली नाही. तिच्या जागी दोन लोखंडी पाट्यांचा तापणारा प्रेस आला, कापायचं मशीन आलं, कार्बनच्या काळ्या कापडाची गुंडाळी आली, आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या प्लॅस्टिकच्या लाद्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. ही लादी म्हणजे पॅडलचा गाभा. तिच्या दोन्ही अंगांना कापड चिकटवायचं, प्रेसमध्ये दाबायचं, आकार कापायचा, मूठ गुंडाळायची. सांगायला एक ओळ, करायला नाकी नऊ.

त्याला पॅडल करायचं होतं ते काही चॅम्पियन लोकांसाठी नव्हे. चेंडू बरोबर मधोमध बसला तर कुठलंही पॅडल गुणीच असतं. कडेला बसला की त्याचे खरे रंग दिसतात: मूठ हातात फिरते, चेंडू मेल्यासारखा जाळीत पडतो आणि मनगट दोन दिवस ठणकतं. तुमच्याआमच्यासारख्यांचे निम्मे फटके कडेलाच बसतात, तेव्हा त्या फटक्यांना सांभाळून घेणारं पॅडल हवं, असं सुताराचं म्हणणं. खेळाच्या सामानाच्या एका दुकानदारानं त्याला शब्द दिला होता, "तीन महिन्यांनी, एक तारखेला नमुना आण. सोबत कागदावर दाखव, की कडेच्या फटक्याला तो फिरत नाही. पटलं तर नवशिक्यांच्या वर्गांसाठी साठ पॅडलं तुझ्याकडून घेतो. नाही पटलं तर तू आपल्या खुर्च्या कर."

ते ‘आपल्या खुर्च्या कर’ सुताराच्या जिव्हारी लागलं होतं.

चाचणीसाठी त्यानं आधी क्लबातल्या सगळ्यात तरबेज खेळाडूला बोलावलं. त्याला सगळे बाण म्हणायचे, कारण त्याचा फटका सुटला की सुटला. बाणानं शंभर चेंडू मारले, "मस्त आहे," म्हणाला आणि गेला. दुसरं पॅडल दिलं, तेही मस्त. तिसरंही मस्त. चेंडू पॅडलवर नेमका कुठे बसतो हेच कळेना.

"ठिपका उमटेल असं काहीतरी लावा की," सासूबाई दारातून म्हणाल्या.

सासरे गेल्यावर दोन वर्षांपूर्वी त्या लेकीकडे राहायला आल्या होत्या. एका मोठ्या कचेरीत एकतीस वर्षं टायपिस्ट. या घरात करण्याजोगं काही नसल्यामुळे त्या वाण्याच्या याद्यासुद्धा समास सोडून लिहायच्या आणि वर तारीख टाकायच्या. त्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून कार्बन पेपरचा अख्खा डबा काढून आणला. पॅडलवर पांढरा कागद, त्यावर कार्बन, चारी बाजूंनी चिकटपट्टी. चेंडू बसला की खाली निळा ठिपका. बाणानं पुन्हा शंभर चेंडू मारले आणि कागद सोडवला, तर मधोमध एकच निळा डाग, बशीएवढा. बाकी कागद कोरा करकरीत. बाण खूश झाला, सुतार कपाळाला हात लावून बसला. चुकत नसलेल्या माणसाला चुकांबद्दल विचारून काय कळणार?

मग पंधरा दिवस तो वाईट खेळाडू शोधत हिंडला. गंमत अशी, की वाईट खेळणारा कुणी स्वतःला वाईट समजत नाही, आणि समजत असेल तर पुन्हा मैदानाकडे फिरकत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. एके सकाळी सासूबाई म्हणाल्या, "आणा इकडे, बघू तरी," आणि मागच्या अंगणात त्यांनी चाळीस चेंडू मारले. कागद सोडवला तर ठिपके वर, खाली, कोपऱ्यांत, कडेवर अर्धे कापलेले, आणि एक चक्क मुठीला खेटून! सुताराचे डोळे भरून यायचे बाकी राहिले.

"आई," तो म्हणाला, "तुमच्यासारखा हात मला शोधून सापडला नसता."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. सासूबाई मात्र लाजल्या आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला कॅनव्हासचे बूट घालून हजर राहू लागल्या.

"तू आईला खरं कधी सांगणार आहेस?" बायकोनं विचारलं.

"सांगतो."

"कधी?"

"नमुना झाला की."

"आई आहे ती माझी. तिला कळलं ना, तर तुझं काही खरं नाही."

काम मात्र सुरेख चाललं. सुतार चेंडू टाकायचा, सासूबाई मारायच्या आणि प्रत्येक फटक्याला एकच शब्द बोलायच्या: "बरा", "मेला" किंवा "फिरला". तो लिहून घ्यायचा. मग त्या कागदांना क्रमांक देऊन, तारीख टाकून, फाइलला लावायच्या. सुतारानं कुठे आकडा खोडून वर दुसरा लिहिला, की फाइल परत त्याच्यापुढे. "खाडाखोड केलीत की शेजारी सही करायची, जावईबापू. बिनसहीची दुरुस्ती ग्राह्य धरत नाहीत." तो मुकाट्यानं सही करायचा. मनातून त्याला हे सगळं फार आवडत होतं. चौथ्या पॅडलात त्यानं गाभ्याच्या कडेनं फोमची पट्टी बसवली, पाचव्यात ती रुंद केली. ‘फिरला’ कमी होत गेले. सहाव्यात तर संपल्यातच जमा झाले आणि सुतार दोन दिवस शीळ घालत हिंडला.

तिसऱ्या दिवशी त्यानं सगळे कागद ओळीनं मांडले आणि त्याची शीळ बंद पडली. कडेवरचे ठिपके पॅडलानं सांभाळून घेतले नव्हते. कडेवर ठिपकेच नव्हते! पहिल्या कागदावर चांदण्यांसारखे विखुरलेले ठिपके दर आठवड्याला मध्ये सरकत गेले होते, आणि शेवटच्या कागदावर होता एक निळा डाग, बशीएवढा. रोज सकाळी दोनशे चेंडू मारून सासूबाई चांगल्या खेळायला लागल्या होत्या. आपलं पॅडल सुधारलं म्हणून तो नाचत होता आणि सुधारली होती सासू.

एक तारखेला अकरा दिवस उरले होते. त्यानं वैतागून त्या कागदाच्या मागे लिहिलं, ‘आई आता चुकत नाहीत. उपयोग नाही. दुसरं कुणीतरी बघणे.’ आणि कागद रोजच्या ट्रेमध्ये टाकला. ट्रेमधले कागद फाइलला कोण लावतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. दीड महिना खरं लपवायचं आणि शेवटी स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं, एवढा शहाणपणा घरजावयालाही सुचत नाही, आणि हा तर सासूलाच घरी ठेवून होता.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा हात बिघडला. एकामागून एक चेंडू कडेला. "फिरला," त्या म्हणायच्या, "आज काही जमत नाही बाई." सुताराला आनंद लपवता येईना. एखादा दिवस असतो वाईट, त्यानं स्वतःला समजावलं. त्याच्या परीनं सुंठीवाचून खोकला गेला होता. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. त्यानं कागद उजेडात धरला.

ठिपके उजव्या कडेवर होते. एकाखाली एक, सरळ रेषेत, दोन ठिपक्यांत बोटभर अंतर. डावीकडे काठाशी तसेच. वरच्या बाजूला एक ओळ, आणि ओळीच्या आधी, डावीकडे, दोन बोटं कोरी जागा. सुतार बघतच राहिला. समास सोडून कुणी चुकतं का?

त्याला हसू आलं, आणि हसता हसताच त्याला त्या कागदामागची आपली ओळ आठवली. त्यानं फाइल काढली. तो बशीएवढ्या डागाचा कागद क्रमांक घालून, तारीख टाकून, व्यवस्थित लावलेला होता. म्हणजे मागचा मजकूर वाचलेला होता.

सासूबाई अंगणातल्या बाकावर बुटाची नाडी सोडत होत्या. सुतार समोर जाऊन उभा राहिला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आता अर्थ नव्हता.

"आई, तुम्ही मुद्दाम कडेला मारताय."

"छे. वय झालं माझं."

"वय झालेल्या माणसाचे ठिपके ओळीत येत नाहीत."

नाडीची गाठ सुटली होती तरी त्यांची बोटं तिथेच चाळा करत राहिली.

"मी तुम्हाला घेतलं तेव्हा..." सुतारानं धीर केला, "तुम्ही चांगल्या खेळता म्हणून नव्हतं घेतलं."

"माहीत आहे मला. मुठीपाशी चेंडू बसणाऱ्या बाईला चांगली कोण म्हणेल? पहिल्या दिवशीच कळलं होतं." त्यांनी मान वर केली. "त्याचं नाही काही वाटलं. वाईट तर वाईट, पण कुणाच्या तरी कामाची होते ना. एकतीस वर्षं घड्याळाकडे बघून घराबाहेर पडले, आणि मग दोन वर्षं नुसतं घड्याळच बघितलं. आता कुठे सातच्या आत तयार व्हायचं म्हणून झोप लागायला लागली होती. तेवढ्यात तुम्ही लिहिलंत, उपयोग नाही. म्हटलं, चुका हव्यात तर चुका देऊ. नेमून दिलेलं काम चोख करायची सवय आहे मला."

सुताराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं माझं," तो म्हणाला. एवढंच सुचलं, आणि तेच बरोबर होतं.

त्यानं हातातला कागद पुन्हा उजेडात धरला आणि ठिपक्यांच्या ओळीवरून बोट फिरवलं. मग एकदम म्हणाला, "आई, ती नाडी बांधा परत."

"का?"

"बांधा तर. वरचा उजवा कोपरा. दहा चेंडू टाकतो. सगळे तिथेच मारायचे."

दहापैकी नऊ तिथे बसले. दहावा अर्धा इंच खाली गेला तर सासूबाई स्वतःवरच चरफडल्या. सुतारानं धावत जाऊन चौथं पॅडल आणलं, पाचवं आणलं, सहावं आणलं. तोच कोपरा, तेवढेच चेंडू. चौथं दहाच्या दहा वेळा फिरलं. पाचवं सात वेळा फिरलं. सहावं तीन वेळा. आणि त्याला लख्ख दिसलं, की दीड महिना विखुरलेले ठिपके मोजून जे कळलं नव्हतं ते एका तासात कळतंय. चूक हवीच होती, पण प्रत्येक पॅडलवर हवी होती तीच, तिथेच. आपणहून होणारी चूक कधी सांगितल्या जागी होत नाही.

संध्याकाळी त्यानं बाणाला बोलावून तोच कोपरा मारायला सांगितला. बाणानं तीसदा प्रयत्न केला. मनगट दर वेळी सवयीनं चेंडू मधोमधच घ्यायचं. शेवटी तो घाम पुसत म्हणाला, "काकू, तुम्ही हे कसं करता?"

"न बघता टाईप करायला शिका आधी," काकू म्हणाल्या.

सातवं पॅडल झालं तेव्हा एक तारखेला दोन दिवस होते. कोपऱ्यांतला फोम थोडा जड, मधला हलका. चारी कोपरे, दोन्ही कडा, प्रत्येकी पन्नास फटके. ‘फिरला’ तीनशेंत चार. अहवाल सासूबाईंनी स्वतःच्या जुन्या टाईपरायटरवर केला, आणि त्याचा कडकडाट ऐकून बायको चहाचा कप हातात धरून दारातच हसत उभी राहिली.

दुकानदारानं अहवाल दोनदा वाचला. मग पॅडल घेऊन दुकानामागच्या गल्लीत भिंतीवर चेंडू मारत बसला. तो मुळात खेळणारा नव्हता, त्यामुळे त्याचा एकही फटका मधोमध बसला नाही. पाच मिनिटांनी तो आत आला तो मनगट फिरवून बघत. "दुखत नाही," तो म्हणाला. "साठ कर. आणि हे तपासणारं माणूस सोडू नकोस."

सुतार घरी आला तेव्हा सासूबाई गॅरेजमधल्या टेबलाशी फाइल उघडून बसल्या होत्या. बातमी ऐकून त्यांनी नुसतं "बरं झालं" म्हटलं, पण चष्मा मात्र दोनदा पुसला. मग फाइल फिरवून त्याच्यापुढे सरकवली. तोच कागद होता, पालथा. त्याचं अक्षर: ‘आई आता चुकत नाहीत. उपयोग नाही.’ त्यातल्या शेवटच्या ‘नाही’वर लाल शाईनं एक सरळ रेघ मारलेली होती, आणि वर, सुवाच्य अक्षरात, लिहिलं होतं, ‘आहे’.

"खाडाखोड झालीय," सासूबाई पेन पुढे करत म्हणाल्या. "शेजारी सही करा."

सुतारानं सही केली. खाली तारीखही टाकली.