मुरगूडच्या फेऱ्या

डुकराचं मटण घरात शिजवायचं नाही, हा मालनचा कायदा होता. तिच्या नवऱ्याला, आकारामला, ते जिवापाड आवडायचं. मग तो दोस्तांबरोबर कळंब्याच्या एका शेतात तीन दगडांवर पातेलं चढवायचा आणि घरी आला की परसातच अंघोळ करून आत यायचा. एकतीस वर्षं हे असंच चाललं. "एक घास खाऊन तर बघ," असं त्यानं किती वेळा म्हटलं असेल. मालन नाकाला पदर लावायची. "आधी त्वांड लांब न्या तुमचं."

मालनला जाऊन सात महिने झाले होते. त्या रविवारी सून क्रांतीनं विचारलं, "मामा, डुकराचं केलं तर चालंल न्हवं?"

"कर की. आता नाक मुरडायला कोण हाय?"

तिनं सकाळीच परसातल्या चुलीवर पातेलं ठेवलं. कांदा-लसणाची चटणी सढळ हातानं घातली, वर पाण्याचं ताट झाकलं आणि जाळ अगदी बारीक केला. चार तासांनी मटण पळी लागताच सुटायला लागलं. ते मक्याच्या तळहाताएवढ्या भाकरीत भरायचं, वर कच्चा कांदा, लिंबू, आणि दुमडून खायचं. टाको म्हणतात म्हणे. क्रांती मोबाइलवर बघून शिकली होती.

आकाराम पाटावर बसून बघत होता. तिनं पातेल्यात चार आमसुलं टाकली.

"मटणात आमसूल? हे पण मोबाइलमधलंच?"

"न्हाय, हे आत्तींनी सांगिटलं. चिंचेनं दात आंबत्यात म्हणल्या..."

 पळी हातातच राहिली.

"मालनचं दात कशानं आंबलं? वासानं?"

क्रांती उगाच लाकडं मागंपुढं करू लागली. मग म्हणाली, "मामा, रागावू नगा. त्या खायच्या. इंजेक्शनांनी तोंडाची माती झालती. तिखट तेवढं जिभंला कळायचं. मी मोबाइलवर बघत हुतो, तर म्हणल्या कर की. पहिल्यांदा तोंड फिरवलं, मग मागून खाल्लं."

"कवा?"

"तुम्ही मुरगूडला जायचा तवा."

मुरगूडला आकारामची बहीण. आजारपणात मालन दर पंधरवड्याला त्याच्या मागं लागायची, आक्काला भेटून या. तो एस्टीत शेजाऱ्याला कौतुकानं सांगायचा, एवढी आजारी, पण नणंदेची काळजी बघा. आता त्याचे कान तापले.

त्या दिवसांत तो स्वतः तांदळाची पेज करायचा. फुंकून निववायचा, चमचा तिच्या ओठाला लावायचा. दोन चमचे झाले की मालन भिंतीकडं तोंड करायची. तिचं अन्न तुटलं म्हणून त्यालाही घास जात नव्हता. आणि त्याची पाठ फिरली की ही चार वर्षांपूर्वी आलेल्या पोरीच्या हातचं खात होती. जन्मात त्याला कुणाचा मत्सर करायची वेळ मालननं आणली नव्हती. आज त्याला क्रांतीच्या हातांकडं बघवेना.

"मला का सांगिटलं न्हाईस?"

"शपथ घातलीती. म्हणायच्या, ह्यास्नी कळलं तर हलगी लावून गावभर सांगत्यात, बायको हरली म्हणून. एकतीस वर्सं जिंकत आलोय, आता जाताजाता हरू व्हय?"

"आणि हसायची?"

"लई. ठसका लागस्तवर."

"क्रांती, झालं का न्हाय?" आतून यशराज ओरडला. आकारामचा हा लेक भुकेला कच्चा होता.

मी कुणाला सांगितलं नसतं, असं आकारामच्या ओठावर आलं. पण ते खोटं होतं. संध्याकाळच्या आत त्यानं तालमीत सांगितलंच असतं. हे कळूनही जळणं काही कमी झालं नाही, फक्त दोष द्यायला कुणी उरलं नाही. तिचं हसणं या पोरीला मिळालं आणि आपल्या वाट्याला पेज आली.

"एका टायमाला किती खायची?"

"तीन. त्याच्या वर कवा गेल्या न्हाईत."

"मला चार वाढ."

तीन भराभर गेले. चव झकास होती, तेही त्याला सोसेना. चौथा काही केल्या घशाखाली उतरेना.

"ऱ्हाऊ दे की मामा."

त्यानं मान हलवली. पाण्याचे घोट घेत घेत त्यानं तो संपवला.