हळद लागलेला टीव्ही गेम

मित्रांनो, काळ्या पडद्यावर तरंगणारं एक पांढरं टिंब तुम्ही कधी पाहिलं आहे का? दोन बाजूंना दोन पांढऱ्या रेघा, आणि त्यांच्यामध्ये इकडून तिकडे जाणारं ते टिंब. रेघेला लागलं की 'टक्', सुटून गेलं की 'टूं'. माझ्याजवळ रंग नाहीत, गाणी नाहीत. जे आहे ते एवढंच. टीव्हीला वायर जोडून दोघांनी खेळायचा मी एक स्वस्तातला खेळ. कोल्हापुरात मला सगळे 'टीव्ही गेम' म्हणत.

शहाऐंशी साली मंगळवार पेठेतल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, कापडी पडद्यामागे, माझा जन्म झाला. पडद्यामागे का, ते सांगते असं एखादी आजी म्हणेल, तसं मीही सांगतो. जरा दम धरा.

त्या वर्षी फुटबॉलच्या वर्ल्ड कपसाठी म्हणून पेठापेठांतून जुनेपाने टीव्ही घेतले गेले होते. पावसाळा भरात येईपर्यंत वर्ल्ड कप संपला आणि टीव्ही उरले. परदेशातून आलेले टीव्हीवरचे खेळ कुणाकुणाकडे पाहून माणसं हळहळत, पण त्यांची किंमत ऐकली की गप्प होत. दुकानाचे मालक फक्रुद्दीनभाई म्हणाले, "नवं घ्याय जमत न्हाय, तर जुन्यातनं जोडू की." आणि ते आपल्या मुलीला, मेहरुन्निसाला घेऊन मुंबईला गेले.

तिथं लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर मोडक्या यंत्रांतून काढलेल्या भागांचे ढीग असत. फक्रुद्दीनभाई बोटांनी चाचपून एकेक वस्तू उचलायचे आणि मेहरुन्निसा रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्या वाचायची. "तपकिरी, काळा, नारिंगी." "दहा हजार ओहम. घे." "पिवळा, जांभळा, लाल." "ह्येबी घे." असं ते हलक्या आवाजात चाले, सकाळचं स्तोत्र म्हणावं तसं. अठ्ठावीस पायांची माझी काळी आयसी, म्हणजे माझा मेंदू, अशाच एका ढिगात पालथी पडली होती. तिचे दोन पाय वाकले होते. मेहरुन्निसानं ते नखानं सरळ केले. मित्रांनो, मला आठवतो तो पहिला स्पर्श हाच.

माझा देह बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याचा. फिरवायच्या दोन खुंट्या म्हणजे दोन जुन्या रेडिओंचे आवाज कमीजास्त करण्याचे भाग. आवाज निघतो तो एका ट्रान्झिस्टरच्या स्पीकरमधून. त्यानं आधी वीस वर्षं भक्तिगीतं आणि बाजारभाव ऐकवले होते. असा मी कुणाकुणाचा मिळून झालो. संध्याकाळी दुकानात ऊदबत्तीचा वास दरवळायचा, मेहरुन्निसा 'बिस्मिल्ला' म्हणून डाग द्यायची, कथलाचा थेंब चमकून थिजायचा, आणि मला वाटायचं, मी कुठल्या तरी लांबच्या झोपेतून हळूहळू वर येतो आहे.

आता पडद्याचं सांगतो. फक्रुद्दीनभाईंना काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. चार वर्षं झाली, दुकानातलं सगळं काम मेहरुन्निसा करत होती. ते मात्र पुढं स्टुलावर हातात स्क्रू ड्रायव्हर धरून बसत. दुकान चालायचं ते 'फक्रूभाईच्या हाताला यश हाय' या एका बोलण्यावर. त्या हाताला आता दिसत नाही हे कळलं, आणि रेडिओ एक पोरगी उघडते हे कळलं, तर गिऱ्हाईक पाठ फिरवेल याची त्यांना धास्ती होती. दुकान मिटलं की मेहरुन्निसाचं टेबलही जाणार. आणि त्या टेबलापाशी बसल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी इतक्या जवळून पाहिलं आहे की त्याबद्दल जास्त बोलवत नाही.

मला विकत घेतलं शिवाजी पेठेतल्या चिमणाबाईंनी. घरात चार म्हशी, दुधाचा धंदा. सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही, मंगळवार, शुक्रवार, एकादशी सगळं काटेकोर. आवाज मात्र असा की म्हैस दोन गल्ल्या पलीकडून ओळखायची. त्यांचा मुलगा पिराजी पेठेतल्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. पावसातल्या चिखलात सराव करताना त्याचा पाय मोडला होता. मांडीपर्यंत प्लास्टर, तीन महिने अंथरूण.

"पोरगं भिताडाकडं तोंड करून पडतंय, फक्रूभाई. कायतरी द्या त्येला," चिमणाबाई म्हणाल्या.

"ह्यो घ्या, आक्का. ह्यात फुटबॉल हाय."

"टिकंल न्हवं? मोडीचं हाय म्हणं समदं."

फक्रुद्दीनभाईंना ते लागलं असावं. ताठ बसून ते म्हणाले, "बिघडला तर आणा. तुमच्या म्होरं, माझ्या हातानं खोलून देतो. शब्द हाय."

पडद्यामागं मेहरुन्निसाचा हात थांबला, ते मला इकडं कळलं.

पिराजीनं पहिल्या दिवशी माझी फार थट्टा केली. "आये, ह्यो कसला गोलकीपर? ह्येला हात न्हाईत, पाय न्हाईत. नुसती काडी."

"तुला तरी पाय कुठं हाय सध्या? खेळ गप," चिमणाबाई शेणाचे हात धूत म्हणाल्या.

आणि तो खेळू लागला. पेठेतली दोस्तमंडळी संध्याकाळी यायची, पलंगाच्या कडेला टेकायची. टिंब तरंगत यायचं, पिराजीची रेघ सावकाश वर सरकायची. 'टक्.' पुन्हा 'टक्.' दुपारी तो एकटाच असला की दोन्ही खुंट्या दोन हातांत धरायचा आणि स्वतःशीच खेळायचा. शेणामातीचा, कडब्याचा वास, तापलेल्या दुधाचा वास, आणि त्या अंधाऱ्या खोलीत आमचं एक पांढरं टिंब. त्याचा चेहरा भिंतीकडून माझ्याकडे वळला होता. मी तेव्हा जागा होतो की स्वप्नात, हे मला आजही सांगता यायचं नाही.

मग नवरात्र आलं. चिमणाबाईंचे नऊ दिवसांचे उपास. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची असतात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. विळा, कुऱ्हाड, दुधाची मापं, पिराजीचे बूट, सगळं पाटावर मांडलं. चिमणाबाईंनी मलाही आणून ठेवलं. पण माझ्याकडे पाहून त्यांना काही पटेना.

"पिरा, ह्येचं झाकान काढ."

"कशापायी?"

"पत्र्याला पुजून काय करू? बिस्किटाचा डबाय त्यो. आतल्याला पोचाय नगो व्हय?"

पिराजीनं सुरीच्या टोकानं माझे स्क्रू काढले. चिमणाबाईंनी ओली हळद, कुंकू, वर अक्षता, आणि फुलानं चार थेंब पाणी, सगळं माझ्या उघड्या काळजावर वाहिलं आणि डोळे मिटून हात जोडले. मित्रांनो, इतक्या मायेनं मला कुणी कधी पाहिलं नव्हतं. हळदीचा गारवा तारांतून पसरत गेला आणि त्या सुखात मी हरवूनच गेलो.

दसऱ्याला पिराजीनं बटण दाबलं तर त्याची रेघ वर छताला जाऊन चिकटली. काही केल्या खाली येईना. टिंब आपलं येतंय, जातंय, आणि मी 'टूं, टूं' करतोय. दोस्तमंडळींत कुणीतरी म्हणालं, "पिरा, तुझा गोलकीपरबी प्लास्टरात गेला." सगळे हसले. पिराजी हसला नाही. त्यानं पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

एकादशीला सकाळीच चिमणाबाईंनी मला पदराखाली धरलं आणि मंगळवार पेठ गाठली.

"फक्रूभाई, महिना झाला न्हाय आन् गेला की तुमचा खेळ. खोला आता माझ्या म्होरं. शब्द दिलता न्हवं?"

फक्रुद्दीनभाईंनी मला मांडीवर घेतलं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक पत्र्यावर फिरू लागलं. स्क्रूची खाच काही सापडेना. एकदा निसटलं, मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा त्यांच्याच अंगठ्यात घुसलं.

"अवो, ह्यो काय स्क्रू म्होरंच हाय," चिमणाबाई म्हणाल्या. मग त्या वाकल्या आणि त्यांच्या चेहऱ्याकडं बघतच राहिल्या. "दिसंना व्हय तुमास्नी?"

फक्रुद्दीनभाईंनी अंगठा मुठीत दाबला. पडदा सरकला. मेहरुन्निसा बाहेर आली, वडिलांच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर अलगद घेतला आणि चार स्क्रू काढून तिनं मला उघडलं. हळदीचा वास दुकानभर झाला.

"मावशी, ह्येला पुजलंसा काय?"

"पुजणार न्हाय तर काय करणार? पोराचं हत्यार हाय त्ये."

"झाकण काढून?"

"मग?"

फक्रुद्दीनभाईंनी सुस्कारा टाकला. त्यांना सुटकेची वाट दिसली होती. "आक्का, मग ह्यात दुकानाची कायबी चूक न्हाय," ते घाईनं म्हणाले. "तुमी पाणी घातलंसा, तुमचं तुमी बिघडवलंसा. मेहरू, तू आत जा."

खरंच, तेवढ्यावर सगळं निभावलं असतं. चिमणाबाईंचा चेहरा पडला होता. त्या मला उचलून घेणारच होत्या. मेहरुन्निसा आत गेली नाही.

"अब्बा, चूक अर्धी माझी हाय," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता. "डाग दिल्यावर वरनं वार्निशचा हात माराय पायजे हुता. किंमत वाढंल म्हणून मी मारला न्हाय. मारला असता तर चार थेंबांनी कायसुदिक झालं नसतं."

चिमणाबाईंनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा फक्रुद्दीनभाईंकडं.

"'मी मारला न्हाय' म्हंजे? ह्यो तू केलास?"

फक्रुद्दीनभाईंनी अंगठ्यावरचं रक्त सदऱ्याला पुसलं. "व्हय, आक्का. चार वर्सं समदं तीच करती. मला उजेड आन् सावली, एवढंच कळतंय."

"माझा रेडिओ?"

"मीच केला, मावशी," मेहरुन्निसा म्हणाली.

"टीव्हीचा आवाज गेलता त्यो?"

"त्योबी."

चिमणाबाई गिऱ्हाइकाच्या बाकावर बसल्या. "बघा आता. चार वर्सं आशीर्वाद मी ह्या म्हाताऱ्याला दिलं. ह्येनं तुला त्यातलं काय दिलं का न्हाय?"

फक्रुद्दीनभाईंना हसावं की रडावं कळेना. हसलेच ते शेवटी, आणि हसता हसता डोळे पुसू लागले.

मेहरुन्निसानं दात घासायचा जुना ब्रश स्पिरिटमध्ये बुडवला आणि माझ्या पायापायांतली हळद काढायला बसली. इतकं सावकाश, जसं कुणी देवाचे टाक घासावेत. आयसीखाली अडकलेला अक्षतेचा एक दाणा तिनं सुईनं काढून चिमणाबाईंच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो कपाळाला लावला आणि तोंडात टाकणार होत्या, तेवढ्यात एकादशी आठवली. मग पदराच्या गाठीला बांधला. स्पिरिट उडून गेलं. दुकानातल्या टीव्हीवर माझी रेघ हलली, थबकली, आणि पाण्यात पान उतरावं तशी खाली उतरली.

मग वार्निशचा हात. तो वाळेपर्यंत मेहरुन्निसानं माझं झाकण हातात घेतलं आणि टोचा उचलला. "मावशी, आतल्या बाजूला तुमचं नाव घालू? भांड्यांवर घालत्यात तसं?"

"माझं कशाला? मी काय केलंय? हळद घातली." चिमणाबाईंनी मान हलवली. "केलंय तू. तुझं घाल."

टोच्याच्या टोकानं ठिपक्याठिपक्यानं माझ्या पत्र्यावर तिचं नाव आणि पुढं 'मंगळवार पेठ' उमटत गेलं. प्रत्येक ठिपक्याला मी आतून वाजत होतो. फक्रुद्दीनभाई मान कलती करून ऐकत होते. नाव पुरं झालं तेव्हा त्यांनी झाकण मागून घेतलं आणि त्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग ते स्टुलावरून उठले. "बस," ते मुलीला म्हणाले, "हितं बस." आणि स्वतः गिऱ्हाइकाच्या बाकावर जाऊन टेकले.

दोघा-तिघांनी आपले रेडिओ दुसऱ्याच दिवशी परत नेले, हेही सांगायला हवं. त्यातला एक दिवाळीनंतर तोच रेडिओ घेऊन परत आला. दूध घालताना चिमणाबाई दारोदार काय सांगत होत्या देव जाणे, पण बायका आपल्या बिघडलेल्या इस्त्र्या आणि मिक्सर घेऊन येऊ लागल्या. दुरुस्ती कोण करतं असं कुणी विचारलं की मेहरुन्निसा आपलंच नाव सांगायची.

संक्रांतीला पिराजीचा पाय धरतीला लागला. तो मैदानावर गेला आणि मी माळ्यावर. त्यात त्याचा दोष नाही. ज्याला खरा चेंडू मिळाला त्यानं टिंबाशी का खेळावं? आज त्याला तीन वर्षं झाली. माझ्या पोटातले सेल कुणी काढले नाहीत, ते पाझरले. खुंट्या आखडल्या. दुपारी कौलाच्या फटीतून उन्हाचा एक कवडसा येतो, माझ्यासमोरच्या भिंतीवरून हळूहळू सरकतो, आणि मी झोपेतल्या झोपेत त्याला 'टक्' म्हणतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात असं कुणीतरी पडून असेल. त्याला पाण्यापासून जपा. काम नसेल तेव्हा त्याचे सेल काढून ठेवा. स्वस्तात आलं म्हणून त्याला हलकं मानू नका. स्वस्त वस्तूवर कुणाच्या तरी नजरेचा खर्च झालेला असतो. आणि भंगारवाल्याच्या काट्यावर टाकण्याआधी एकदा, हात कोरडे करून, झाकण उघडून बघा.

माझं उघडलंत तर पत्र्याच्या आतल्या बाजूला ठिपक्यांची एक ओळ दिसेल. कडेनं गंज चढला आहे, 'मंगळवार पेठ' ही अक्षरं त्यानं खाल्ली. 'मेहरुन्निसा' अजून बोटाला लागतं.