नव्या फोनला शिकवलेले शब्द

गळ्याच्या शस्त्रक्रियेत क्लेमेंटीनचा आवाज गेला, आणि त्यानंतर ती फोनमधून बोलू लागली. बटणांवर अंगठा चाले, पडद्यावर रोमन अक्षरांत मराठी उमटे, आणि ती फोन समोरच्याच्या नाकापाशी धरी. तिला बघावेही लागत नसे. भाजी ढवळता ढवळता ती नवऱ्याला, ॲन्सेल्मला, ‘खडूस’ म्हणून टोमणे मारू शके. हळूहळू तिने त्या फोनला आपले शब्द शिकवले होते : वाडीतल्या तळ्याचे ‘बावखल’, उन्हात वाळणाऱ्या केळ्यांची ‘सुकेळी’, शेजारणींची नावे. पहिली अक्षरे दाबली की उरलेला शब्द तो जुन्या सोबत्यासारखा आपणहून पुढे करी.

२००९च्या उन्हाळ्यात त्याची बटणे झिजून दबेनाशी झाली. दोघे माणिकपूरला, तिच्या भाच्याच्या, पास्कलच्या दुकानात गेले. त्याने बटणे नसलेला, नुसत्या काचेचा फोन पुढे ठेवला.

“मावशी, नावं-नंबर सगळे आलेत. तू शिकवलेले शब्द मात्र नाही आले. जुन्याची सिस्टीम वेगळी, ह्याची वेगळी. त्याचं शिकलेलं ह्याला कळत नाही.”

“सुनेला सासूचं कळत नाही, तसं,” ॲन्सेल्म हसला. क्लेमेंटीन हसली नाही.

घरी तिने ‘बावखलात पाणी किती’ असे लिहिले. फोनने बावखल पुसून कुठलासा इंग्रजी शब्द बसवला. तिने पुन्हा लिहिले. त्याने पुन्हा पुसले. गुळगुळीत काचेवर अंगठ्याला कुठे काठ सापडेना. संध्याकाळी तिने फोन उशीखाली सारला आणि ती दुसऱ्यांदा मुकी झाली. रात्री कालवण अळणी होते. नवऱ्याने वरून मीठ घेतले.

ॲन्सेल्मला त्या शांततेचे भय वाटले. ती इस्पितळातून घरी आली, तेव्हाची शांतता हीच होती.

सकाळी ती पानवेलींना पाणी घालायला गेल्यावर तो फोन घेऊन ओट्यावर बसला. त्याने कधी एकही मेसेज लिहिला नव्हता. बोलायला त्याला तोंड होते. आता तो जाड बोटाने एकेक अक्षर हुडकू लागला. बावखल. फोनने बदलले, त्याने ते नाकारून पुन्हा लिहिले, पुन्हा नाकारले, आणि अखेर फोन निमूट राहिला. सुकेळी. चष्मा कुठे ठेवलास. कुणाशी भांडून आलास. जेवणाआधी हात धू. तिने नाकापाशी धरलेले सारे आपल्याला पाठ आहे, हे त्याला स्वतःलाच आज उमगत होते.

ती ओल्या हातांनी परतली.

“इकडे ये गो. ह्याला थोडं बोलता यायला लागलंय.”

तिने पदराला हात पुसले, साशंकपणे फोन घेतला. दोन अक्षरे दाबली आणि अख्खे बावखल वर आले. मग त्याच्याकडे पाठ फिरवून ती काहीतरी लिहू लागली. फोन ऐकेना, तीही हटेना. शेवटी तिने तो ॲन्सेल्मच्या नाकापाशी धरला.

‘खडूस. हा शब्द मुद्दाम विसरलास.’

“विसरलो नाही,” तो म्हणाला. “तो तुझ्याच हातून यायला हवा होता.”