काजळस्वाराचा चेहरा

"कानातला कापूस काढा बघू. डॉक्टर राउंडला येतायत," सिस्टर म्हणाली.

पेशंटने मान हलवली. नाही म्हणजे नाही. सकाळी उठल्या उठल्या त्याने दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबून घेतले होते आणि तेव्हापासून तो छताकडे बघत पडला होता. सिस्टरने खाटेशेजारच्या स्टुलावर बसलेल्या त्याच्या बायकोकडे पाहिलं.

"आज त्यांचा सिनेमा लागलाय," बायको ओशाळून म्हणाली. "कुणाच्या बोलण्यातून शेवट कानावर पडायला नको, म्हणून."

"शेवट होय," सिस्टर म्हणाली. तिने ऑक्सिजनचा काटा पाहिला आणि पुढच्या खाटेकडे गेली.

हा माणूस कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे पाठवायचे. हा त्यात प्लास्टर ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा आणि शेवटी ती गुलाबी कवळी मशीनवर घासून गुळगुळीत करायचा. त्या घासण्याची धूळ तीस वर्षं नाकातोंडात गेली होती. मालकाने मास्क दिले होते, पण मास्क लावला की शीळ घालता येत नाही, आणि शीळ घातल्याशिवाय याचा हात चालत नसे. शीळ अर्थातच काजळस्वाराच्या गाण्याची. आता फुप्फुसं कामातून गेली होती.

काजळस्वार कोण, हे या माणसाला विचारायची सोय नव्हती, अख्खा दिवस गेला असता. आपण थोडक्यात आटपू. काळा घोडा, काळा मुखवटा, एक वेशीचं गाव आणि गावावर जुलूम करणारा सरदार. आधी चित्रकथांचे अंक निघाले, मग त्यावरून सिनेमे आले, सिनेमांबरोबर गाण्यांच्या कॅसेटी आल्या आणि पुढे व्हिडिओ गेमही आला. याने त्यातलं काही म्हणजे काही सोडलं नाही. पगार झाला की आधी अंक, मग घरसामान. मुखवट्यामागचा चेहरा मात्र इतक्या वर्षांत कुणी पाहिला नव्हता. तो या शेवटच्या सिनेमात दिसणार होता आणि हा इथे नळ्या लावून पडला होता.

तो चेहरा कुणाचा, याबद्दल त्याला स्वतःला शंका नव्हती. लढाईत मेला असं सगळे समजतात तो धाकटा राजपुत्र. चष्मेवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत त्यांचं मंडळ भरायचं, तिथे हा राजपुत्राची बाजू इतक्या तावातावाने मांडायचा की बाकीचे मुकाट्याने चहा पीत बसायचे.

बायकोचं मत वेगळं होतं. ती टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी करायची. लग्न नवं होतं, नवऱ्याशी बोलायला काही विषय हवा, म्हणून तिने मनापासून सगळे अंक वाचून काढले. आणि एका संध्याकाळी, तो हातपाय धूत असताना, दारात उभी राहून म्हणाली, "अहो, मला वाटतं, ती विहिरीवरची बाई असेल."

"कोण बाई?"

"घोड्याला पाणी पाजते ती. प्रत्येक अंकात असते बघा, कडेला. स्वार आणि ती एका चौकटीत कधीच नसतात. तो नाहीसा झाला की घोडा विहिरीवर, आणि तिथे ती."

तो टॉवेल हातात धरून हसत सुटला. "अगं, ती मागची माणसं असतात. जागा भरायला काढतात. तिला धड नाकडोळेसुद्धा काढलेले नाहीत, आणि ती म्हणे काजळस्वार!"

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याने ते मंडळात सांगितलं. मंडळाने पोट धरधरून हसून घेतलं आणि तिचं नाव 'घोडेवाली' पडलं. 'काय म्हणतात आमच्या घोडेवाल्या वहिनी?' असं दारात विचारल्याशिवाय त्यातला एकही जण घरात पाऊल टाकेना. पुढे नाव तेवढं राहिलं, कशावरून पडलं ते लोक विसरून गेले. तिने अंक वाचायचं सोडलं. म्हणजे, त्याच्या देखत वाचायचं सोडलं.

मुलगी जरा मोठी झाल्यावर एकदा शाळा सुरू झाल्या झाल्या ताप येऊन घरी होती. वेळ जाईना म्हणून तिने एका अंकातल्या विहिरीवरच्या बाईला रंगीत पेन्सिलीने डोळे काढले, नाक काढलं, छान हसरं तोंड काढलं आणि बाबा आल्यावर कौतुकाने दाखवायला नेलं. त्याने मारलं नाही. त्याचा हात कधी कुणावर उठला नव्हता. तो फक्त मुलीशी बोलायचा बंद झाला, ते पार शाळेच्या सहामाही परीक्षेपर्यंत. पोरगी रोज संध्याकाळी दारात उभी राहायची आणि हा तिच्या बाजूने आत जायचा. ती आता लग्न होऊन लांब असते आणि फोन आईला करते.

तर आता सिनेमा बघून येऊन त्याला सांगायचं कुणी, हा प्रश्न होता. मंडळातला कुणी सांगणार नव्हता. ज्याने पाहिलंय त्याने न पाहिलेल्याला अवाक्षर सांगायचं नाही, हा मंडळाचा नियम होता, आणि तो यानेच केला होता. मागे एका सिनेमाच्या वेळी मंडळातल्या पेंटरने नुसत्या भुवया उंचावल्या, तर याने त्याला मंडळातून हाकलून दिलं होतं. मोबाईलवर दहा जण दहा गोष्टी लिहितात, त्यावर याचा विश्वास नव्हता. मोबाईल बायकोकडून घरी पाठवून दिला होता. राहता राहिली बायको. मंडळात बायका नव्हत्या, त्यामुळे नियम तिला लागू नव्हता.

"नीट बघ. मध्येच उठू नकोस," त्याने बजावलं. "आणि शेवटी नावं येतात, ती संपेपर्यंत बसून राहा."

ती दुपारच्या खेळाला गेली. थिएटरभर काळे मुखवटे लावलेली तरुण मुलं होती. मांडीवर ऑफिसची पिशवी घेऊन ती त्यांच्यामध्ये बसली. राजपुत्र मध्यंतराआधीच मारला गेला. शेवटी जखमी स्वार विहिरीवर आला, घोड्यावरून उतरला, बादलीत हात बुडवून रक्त धुतलं आणि मुखवटा काढला. आत विहिरीवरचीच बाई होती. मग ती बाई काही झालंच नाही अशी घोड्यासाठी पाणी शेंदायला लागली.

थिएटर शिट्ट्या-टाळ्यांनी नुसतं दणाणून गेलं.

"मी म्हटलं होतं," ती मोठ्याने म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "मी म्हटलं होतं!"

"आजी, प्लीज," शेजारची मुलगी म्हणाली.

बसमध्ये तिने वाक्य तयार केलं, मोडलं, पुन्हा तयार केलं. तिला त्याला हरवायचं नव्हतं. मरणाऱ्या माणसाला कोण हरवतं? तिला एवढंच हवं होतं की त्याने एकदा तिच्याकडे बघून म्हणावं, 'अगं, तू ओळखलं होतंस की.' बाकी काही नको.

तिला वॉर्डात शिरताना पाहून त्याने कानांतला कापूस काढला.

"सांग. स्वतःचं डोकं चालवू नकोस. दिसलं तेवढंच सांग."

"विहिरीवरची बाई," ती म्हणाली. "घोड्याला पाणी पाजणारी. मी म्हटलं होतं ना तुम्हाला?"

शेवटचं वाक्य तिने बोलायला नको होतं. त्याने हातातला कापूस गादीवर टाकला.

"झोपलीस तू."

"नाही हो. डोळ्यांनी बघितलं मी."

"राजपुत्राचं काय झालं?"

"तो मारला जातो. मध्यंतराआधीच."

"मध्यंतराआधी!" त्याला धाप लागली. "ज्याच्यावर सगळी गोष्ट उभी आहे, तो मध्यंतराआधी? थापा तरी धड मार गं. एक काम सांगितलं होतं तुला. जन्मात एक काम."

"शपथ घेऊन सांगते."

"सूड उगवतेस ना? इतकी वर्षं मनात ठेवलंस, आणि आता मी पडल्यावर?"

तेवढ्यात चष्मेवाला आला. तो सकाळच्या खेळालाच जाऊन आला होता आणि रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. पेशंटने त्याचं मनगट धरलं.

"ही म्हणते, विहिरीवरची बाई. खरं की खोटं, एवढंच सांग."

चष्मेवाल्याला पेंटर आठवला. त्याने भुवया, ओठ, गाल, जे जे म्हणून हलू शकतं ते सगळं आवरून धरलं.

"तू बरा होऊन स्वतः बघणार आहेस."

"अरे, मी मरतोय. हो की नाही?"

"नियम तुझाच आहे, मित्रा."

पेशंट त्या कोऱ्या चेहऱ्याकडे बघत राहिला आणि हळूहळू उशीला टेकला. "बघ," तो बायकोला म्हणाला, "हो नाही म्हणाला."

तिने चष्मेवाल्याला बाहेर गाठलं. "भाऊजी, पाया पडते तुमच्या. आत जाऊन एक शब्द बोला."

"वहिनी, तुम्हाला नाही कळायचं ते," तो डोळे पुसत म्हणाला. "परीक्षा घेत होता तो माझी. एवढ्या आजारात! पण मी फुटलो नाही."

"उद्या परत जा," ती आत आल्यावर नवरा म्हणाला. "कॉफी पिऊन जा."

ती दुसऱ्या दिवशी परत गेली. या वेळी ती काही बोलली नाही. पडद्यावरच्या बाईच्या चेहऱ्याकडे तेवढी बघत राहिली. चेहरा तसा साधाच होता, उन्हात रापलेला, पण तिला तो फार आवडला. तो घोडा, ती विहीर, पहिल्या अंकात बादलीचा कान तुटलेला होता आणि इथेही तुटलेलाच होता, हे सगळं कुणाशी तरी बोलावं असं तिला फार वाटलं. बोलता येईल असा तिला एकच माणूस माहीत होता.

परत आली तेव्हा त्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवलेला होता. त्याने तो बाजूला सरकवला. बोलायला त्रास होत होता.

"जागी होतीस?"

"हो."

"मग?"

ती उभीच होती. त्याची बोटं मास्कच्या कडेवर होती, तीच बोटं, ज्यांनी इतक्या लोकांना दात बसवले होते. दया आली म्हणावं, तर नुसती दयाच नव्हती ती. तिला कंटाळा आला होता. बरोबर असण्याचा आणि ते पटवत बसण्याचा तिला मनस्वी कंटाळा आला होता.

"राजपुत्रच," ती म्हणाली.

"काय?"

"राजपुत्रच निघाला. तुमचंच बरोबर होतं. काल मला झोप लागली होती."

त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. इतक्या दिवसांत आला नव्हता इतका आला. तो उशीवरून उठायला बघू लागला.

"म्हटलं नव्हतं मी? आं? तीस वर्षं सांगतोय!" आणि तो हसायला लागला. "आणि ही म्हणे... सिस्टर, ओ सिस्टर, इकडे या, हिची गंमत ऐका. राजपुत्र सोडून हिला कोण दिसली, तर... पाणी पाजणारी! झोपेत! अगं घोडेवाले!"

हसण्याचा खोकला झाला. सिस्टर धावत आली, मास्क पुन्हा बसवला, पट्टा आवळला. मास्कच्या आत त्याचं हसणं चालूच होतं आणि एक बोट बायकोच्या दिशेने हलत होतं. आजूबाजूच्या खाटांवरचे लोकही, काय झालं ते न कळता, थोडे हसले. तीही हसली. त्यानंतर तो कुणाशी काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

आठवडाभराने मंडळ घरी भेटायला आलं. पेंटरही आला होता, त्याला आता परत घेतलं होतं. सगळे भिंतीला पाठ लावून बसले. तिने चहा केला.

"आमच्यातला एकही जण फुटला नाही, वहिनी," चष्मेवाला म्हणाला. "शेवटपर्यंत त्याचा नियम पाळला. त्याला अभिमान वाटला असेल."

"पण काय शेवट केलाय हो!" पेंटर म्हणाला. "एवढे आपण जाणकार, पण एकालाही ओळखता आलं नाही. विहिरीवरची बाई! कुणाच्या स्वप्नात तरी आलं असतं का?"

सगळ्यांनी माना हलवल्या. कुणाच्याच आलं नसतं.

"साखर बरोबर आहे ना?" तिने विचारलं.

"बरोबर आहे, घोडेवाल्या वहिनी," पेंटर सवयीने म्हणाला आणि जीभ चावली, कारण अशा प्रसंगी थट्टा बरी दिसत नाही.

चष्मेवाला जरा पुढे सरकून बसला. "पण त्याला कळलं ना शेवटी? तुम्ही सांगितलं होतंत. त्या दिवशी तो मला विचारत होता, त्यावरून म्हणतो."

"सांगितलं होतं."

"मग? काय म्हणाला?"

"हसले," ती म्हणाली. "खूप हसले."

"वाटलंच मला." त्याने रुमालाने चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. "म्हणजे समाधानाने गेला."

तिने रिकामे कप एकेक करून ट्रेमध्ये ठेवले. चष्मेवाल्याच्या कपात अजून चहा होता, तो तेवढा त्याच्याजवळ राहू दिला.