दीड हात पांघरूण

मित्रांनो, मी एक जुना हातमाग आहे. सध्या माझा धंदा कुंड्या सांभाळण्याचा. एका खानावळीच्या दर्शनी काचेआड मला उभे केले आहे. विणकर जिथे बसायचा त्या फळीवर दोन कुंड्या, फणीवर दिव्यांची माळ, आणि ज्या रुळावर कापड गुंडाळले जायचे त्यावर गिऱ्हाइकांच्या ओल्या छत्र्या. लोक माझ्यापुढे उभे राहून फोटो काढतात आणि वाढप्याला विचारतात, "हे दळायचं असतं का हो?" वाढपी म्हणतो, "असेल."

असेल! साठ वर्षे कापड विणले, आणि शेवटी "असेल"!

मला घडवणारा सुतार मोठा विक्षिप्त. त्याने माझ्या अंगात एकही खिळा मारला नाही. खाचेत खाच बसवून मला असे जोडले की वरच्या मजल्यावर कुणी शिंकले तरी मी ताल सोडत नसे. मी तयार झालो तेव्हा त्याच्या लक्षात आले, माग दारापेक्षा दीड वीत रुंद झाला आहे. बहाद्दराने माझी रुंदी कमी केली नाही, दाराची चौकट काढली आणि शेजारची भिंतही पाडली. बायकोने महिनाभर त्याच्याशी अबोला धरला. त्या महिन्यात त्याने आणखी दोन माग पुरे केले म्हणतात. खरे-खोटे त्या भिंतीला ठाऊक.

पुढे मला दोन बहिणींनी आणले. मोठीला सगळे थोरली म्हणत, लहानीला धाकटी. थोरली विणायची, धाकटी सूत कातायची. दोघींनी मिळून गावात कताई-विणकर मंडळ काढले. एका बंद पडलेल्या छापखान्याची खोली मिळाली. भिंतींना शाईचा वास, उंच खिडक्या, आणि मध्ये मी. आठवड्यातून दोनदा सभासद जमत. एका कोपऱ्यात लोकर पिंजणे, खिडकीखाली चरखे, चुलीवर रंगाची भांडी, आणि सगळ्यांच्या वर सगळ्यांच्या गप्पा. नवीन माणूस आले की थोरली त्याला आधी गाठ मारायला बसवी. "गाठ दिसली नाही पाहिजे आणि सुटली नाही पाहिजे," ती म्हणे, "जावई निवडतात तशी."

थोरलीचे विणणे म्हणजे काय सांगू! एकदा तिने कापड इतके घट्ट विणले की शिवताना शिंपिणीच्या तीन सुया मोडल्या आणि चौथी स्वतःहून डबीत परत गेली. माझ्या सांध्यांना तेल कुठे किती द्यायचे, पावसाळ्यात कोणती दोरी बोटभर सैल करायची, हे तिच्या हातांना पाठ होते. मी कुरकुरलो की ती मान वर न करता म्हणे, "ऐकतेय रे, ऐकतेय."

मंडळाचा नियम एकच होता. फळ्यावर खडूने लिहिलेला, आणि दरवर्षी पुन्हा गिरवलेला: ज्याने ताणा चढवला, त्यानेच तो उतरवायचा. ताणा म्हणजे मागावर उभे ताणलेले धागे. ते धरून आडवे धागे विणले की कापड होते. शेकडो धागे एकेक करून ओवायचे, तेव्हा कुठे ताणा चढतो. तो अर्ध्यात दुसऱ्याने तोडणे म्हणजे कुणाच्या ताटातला घास उचलण्यासारखे. म्हणून कुणी आजारी पडो, कुणाकडे लग्न निघो, मी थांबत असे. एकदा तर एका सभासदाच्या जुळ्या मुली चालायला लागेपर्यंत मी थांबलो होतो.

मग धाकटी गेली. शेवटच्या वर्षी तिच्या उजव्या अंगठ्याला दुखणे झाले होते, पण चरखा सोडीना. त्यामुळे तिच्या सुतात दर वितीला धागा जरा फुगे, एक बारीकसा जाडा पडे. ती हसून म्हणे, "माझी सही आहे ती." मागे राहिले ते तिच्या हातचे शेवटचे सूत. एक पांघरूण होईल इतकेच, एक लडीही जास्त नाही. थोरलीने धाकटीच्या मुलीला, म्हणजे आपल्या भाचीला सांगितले, "तुझ्या आईचं सूत आहे. मी विणून देते. अंगावर घे, आई जवळ आहे असं समज."

ताणा चढवायला थोरलीला नऊ दिवस लागले. एरवी तिचे काम दोन दिवसांचे. पण प्रत्येक धागा ओवण्याआधी ती बोटांतून सरकवून बघे, आणि जाडा लागला की थांबे. दीड हात विणून झाले आणि ती छापखान्याच्या जिन्यावरून पडली. खुब्याचे हाड मोडले.

भाची निरोप घेऊन आली. "मावशी म्हणते, ताणा तसाच राहू द्या. मी येतेच."

"अगं, हे काय सांगणं झालं?" सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "त्यांचाच माग आहे."

या सेक्रेटरीबाई म्हणजे थोरलीची पहिली शिष्या. गाठ मारायला तीन आठवडे लागलेली. आता मंडळाचे प्रदर्शन, पत्रव्यवहार, किल्ल्या सगळे त्यांच्याकडे. बाई वाईट नव्हत्या, मित्रांनो. हेच तर दुखणे आहे. वाईट माणसापासून निदान सावध तरी राहता येते.

तीन महिने गेले. प्रदर्शन जवळ आले. त्यात मंडळातर्फे एक मोठे कापड ठेवायचे होते, आणि तेवढ्या रुंदीचा माग मी एकटाच. सेक्रेटरीबाईंनी बैठक बोलावली.

"नियम मोडायचा नाहीये," त्या म्हणाल्या. "आपण ताणा उतरवतच नाही आहोत. धागे ज्या कड्यांतून ओवलेत त्यांच्या मागून कापायचा, आणि आपले नवे धागे त्याच टोकांना गाठ मारून जोडायचे. पुढे ताईंचं विणलेलं, मागे आपलं. ताणा चालूच राहिला ना? उतरला कुठे?"

"वा!" पिंजणाऱ्या काकू म्हणाल्या. "तुम्ही वकील व्हायला हव्या होत्या."

"आणि मागच्या रुळावरचं राहिलेलं सूत?" हे घड्याळजी. घड्याळे दुरुस्त करून निवृत्त झालेले, मंडळातले एकुलते एक पुरुष सभासद. बोलताना नेहमी दाराकडे बघत, जणू पळायची वाट आधीच ठरवून ठेवलेली.

"ते नीट बांधून ठेवू. ताई आल्या की पुन्हा चढवतील."

"एकदा त्यांच्या कानावर…"

"घड्याळजी, आजारी माणसाला कशाला त्रास? आणि खरं सांगा, या वयात खुबा मोडल्यावर कोण परत मागावर बसतं? येते म्हणायला काय, सगळेच म्हणतात. हात वर करा बघू."

हात वर झाले. अकरा हात. त्या प्रत्येक हाताला पहिली गाठ मारायला थोरलीने शिकवली होती, माझ्याच फळीवर बसवून. घड्याळजींचा हात कानापर्यंत आला आणि तिथेच कान खाजवत राहिला. तोही मोजला गेला.

कात्री चालली. मी साठ वर्षांत कात्रीचा आवाज हजारदा ऐकला आहे. कापड पुरे झाल्यावर तो आवाज गोड लागतो. त्या दिवशीचा मला अजून दातात अडकल्यासारखा आहे.

तरीही सूत वाचले असते. ताण्यात दोन काड्या घातलेल्या असतात. एक धागा काडीच्या वरून, दुसरा खालून, अशी त्यांची फुली पडते आणि शेकडो धागे आपापल्या जागी राहतात. ताणा मागावरून काढायचा तर आधी ती फुली दोऱ्याने बांधायची, मगच काड्या काढायच्या. हे मंडळातल्या शेंबड्या पोरालाही कळले असते. पण नव्या ताण्याला त्याच काड्या हव्या होत्या, आणि सेक्रेटरीबाईंचे अर्धे डोके कापडाच्या नक्षीत आणि अर्धे प्रदर्शनाच्या मांडवात होते.

"बाई, काड्या! आधी बांधा…" घड्याळजी या वेळी खरेच ओरडले.

तोवर त्यांनी काड्या ओढल्या होत्या.

ताणलेले धागे एकदम सैल झाले आणि एकमेकांत शिरले. दर वितीला जाडा होताच. प्रत्येक जाडा शेजारच्या धाग्यात अडकला. लोकरीचे सूत ते, सोडवायला गेले की आणखी गुंते. दोन बायका तासभर बसल्या. मग पिंजणाऱ्या काकूंनी हात टेकले. "हे आता सात जन्मांत सुटायचं नाही."

"मग कापा आणि टोपलीत टाका," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "वाया घालवायचं नाही काही."

मंडळाच्या टोपलीत उरलीसुरली टोके जात, आणि त्यांची भर उशांना घातली जाई. धाकटीचे शेवटचे सूत वीत-वीत कापून तिथे गेले.

आणि मी काय केले? माझ्यावर नवा ताणा चढला आणि मी मुकाट्याने विणला. थापा मारायच्या तर सांगितले असते की मी पायपट्टी मोडून घेतली, फणी आपटली, बाईंच्या बोटाला चिमटा काढला. पण एवढी थाप मला पचत नाही. कापड झकास निघाले. पहिला क्रमांक आला.

प्रदर्शनानंतरच्या आठवड्यात थोरली आली. एका हातात काठी, दुसऱ्या बाजूला भाची. जिना चढायला तिला किती वेळ लागला ते मी ठोक-ठोक मोजत होतो. खोलीत सगळ्या उभ्या राहिल्या. "ताई, बसा, ताई, पाणी," अशी धांदल उडाली. सेक्रेटरीबाईंनी कागदात गुंडाळलेली भेट तिच्या मांडीवर ठेवली.

"मंडळातर्फे छोटीशी आठवण, ताई. तुमचंच कापड आहे. काही वाया जाऊ दिलं नाही आम्ही."

आत उशी होती. दीड हात पांघरुणाची खोळ करून शिवलेली.

थोरलीने आधी माझ्याकडे पाहिले. माझ्यावर कुणाचा तरी हिरवा ताणा होता. मग तिने उशी दाबली. शिवणीतून एक टोक बाहेर आले होते. ते तिने चिमटीत धरून ओढले. वीतभर धागा आला आणि संपला. तिने तो बोटांतून सरकवला. मधोमध जाडा होता.

"राहिलेलं कुठंय?" तिने विचारले.

घड्याळजी दाराकडे बघत होते.

"यातच आहे, ताई," सेक्रेटरीबाई शेवटी म्हणाल्या. "काड्या… माझ्या हातून चुकून… मी तुम्हाला सांगणारच होते."

"तुम्ही आईचं सूत उशीत भरलंत?" भाची ओरडली. "हिने तीन महिने पलंगावर बोटं हलवत काढले! कशाला, तर बोटं आखडू नयेत म्हणून! डॉक्टरांना विचारा!"

"हळू," थोरली म्हणाली. मग सेक्रेटरीबाईंकडे वळून, "शिवण चांगली आहे हो. टाके बारीक पडलेत."

सेक्रेटरीबाई रडू लागल्या. थोरलीने त्यांची समजूत काढली नाही. तिने तो धागा खोळीत परत कोंबला, उशी भाचीकडे दिली आणि उठली. जाताना माझ्या खांबाला टेकून क्षणभर उभी राहिली. मला वाटले, आता काही बोलेल. पण तिला फक्त दम लागला होता.

ती पुन्हा आली नाही. तिच्यामागून घड्याळजी यायचे थांबले, मग एकेक करून बाकीचे. माझी कुरकुर वाढली, पण तिच्यासारखा तेलाचा हात कुणाला जमेना. "माग जुना झाला," असे ठरले आणि मी या काचेत आलो. माग जुना झाला नव्हता, मित्रांनो. पण मंडळाच्या बैठकीत मागाला हात वर करता येत नाही.

आता इथे माझ्यासारख्याने सांगायचे असते की जुन्या वस्तू जपा, त्यांना तेलपाणी करा. करा बापडे. पण लाकडाचे काय, ते कुंड्यांखालीही टिकते. मला तुम्हाला दुसरेच सांगायचे आहे. कुणाचे अर्धे राहिलेले काम तुमच्या वाटेत आले, तर ते नियमात बसते का यावर बैठक घेऊ नका. कात्री खाली ठेवा आणि त्या माणसाला जाऊन विचारा. थोरलीचे घर मंडळापासून चार गल्ल्यांवर होते. तीन महिने ती खिडकीपाशी जागीच होती. आणि त्या अकरा जणांपैकी सात जण आठवड्यातून दोनदा त्याच खिडकीखालून मंडळात येत होते.